शब्द फोडला, इंजिन कळलं

आम्ही मालगुंडच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आमचं गाव कवी केशवसुतांचं, म्हणून आज गोष्टही एका शब्दाचीच.

गटाची भाताची गिरणी डिझेल इंजिनावर चालते. गेल्या पावसाळ्यात ते बंद पडलं. मेस्त्री म्हणाला, "प्लग गेलाय." त्याने सांगितले तेवढे पैसे आम्ही निमूट दिले. इंजिनातलं आपल्याला काय कळतंय, असं आम्हीच धरून बसलो होतो.

मग गटातल्या एका काकूंची नात सुट्टीला आली. ती पुण्यात जर्मन शिकते. ती म्हणाली, "डिझेल इंजिनाला जर्मन भाषेत 'झेल्ब्स्टत्स्युंडर' असंही म्हणतात." आमची जीभच वळेना! ती म्हणाली, "शाळेत समास फोडायचात ना? आगगाडी म्हणजे आगीवर चालणारी गाडी. तसाच हा फोडा. 'झेल्ब्स्ट' म्हणजे स्वतः, 'त्स्युंडर' म्हणजे पेटवणारा."

म्हणजे आपलं आपण पेटणारं इंजिन! सायकलला हवा भरताना पंप खाली गरम होतो, तो हवा दाबली गेल्याने. या इंजिनात हवा इतकी दाबतात की ती ५०० अंशांच्याही वर तापते. त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. ठिणगी लागतच नाही. गवत कापायच्या पेट्रोल मशीनला ठिणगीचा प्लग असतो, डिझेल इंजिनाला नसतो. मग आम्ही पैसे कशाचे दिले?

आणखी एक गंमत. डिझेलवर चालतं म्हणून डिझेल इंजिन, असं आम्हांला वाटायचं. पण डिझेल हे माणसाचं आडनाव. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी झालं. तेलाला ते नाव मागाहून मिळालं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर असं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

पुढच्या वेळी इंजिन अडलं तेव्हा मेस्त्रीने पुन्हा प्लगचं नाव काढलं. आम्ही म्हटलं, "भाऊ, याला ठिणगीच नाही, मग ठिणगीचा प्लग कुठला? आधी डिझेलचा फिल्टर बघा." फिल्टर कचऱ्याने तुंबला होता. साफ केला, गिरणी सुरू!

मैत्रिणींनो, यंत्र दुरुस्तीला दिलंत तर काढलेला जुना भाग मागून घ्या. त्याचं काम काय, ते विचारा. नाव अवघड असलं तर फोडून घ्या.