खार मोजणाऱ्या मीटरची निगा



पेणच्या खारेपाटात, नागोठण्याच्या खाली अंबा नदीच्या काठाने किंवा रोह्याकडे कुंडलिकेच्या खाडीवर ज्यांची शेती आहे, त्यांना बाहेरकाठा कसा राखावा हे मी सांगायला नको. बांधाला खांड गेली, तर रात्री-अपरात्री सगळं गाव मातीला धावतं. आज बोलायचं आहे ते एका लहान वस्तूबद्दल. पाण्यातला खार मोजणारं मीटर आता काही शेतकरी गटांकडे आलेलं आहे. उघाडीजवळ पाण्याची उंची पाहायची पट्टीही काही ठिकाणी रोवलेली असते. या वस्तू विकत घेताना चार बैठका होतात. पुढे त्या धुतो कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

मीटरचं काम कसं चालतं ते आधी पाहू. त्याच्या टोकाला धातूचे दोन छोटे तुकडे असतात. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी त्यांच्यामधून वीज जास्त वाहते, आणि त्यावरून आकडा येतो. आता त्या टोकावर खाडीचा गाळ बसला, शेवाळाचा बुळबुळीत थर चढला किंवा नुसता हवेचा बुडबुडा अडकला, तरी वीज कमी वाहते. वीज कमी म्हणजे आकडा कमी. म्हणजेच मळलेलं मीटर पाणी असतं त्यापेक्षा गोडं दाखवतं. चूक उलट दिशेची असती, तर एखादे वेळी चांगलं पाणी वाया गेलं असतं, इतकंच. ही चूक खारं पाणी शेतात घ्यायला लावते.

आकड्यांचा अर्थही ध्यानात ठेवा. हे माप डेसीसायमन प्रति मीटर असं सांगतात. जुन्या मंडळींना मिलिम्होज ठाऊक असेल, आकडा तोच. समुद्राचं पाणी साधारण ५० च्या घरात जातं. नेहमीच्या भाताला कायम २ पर्यंतचं पाणी दिलं तरी उत्पन्न घटत नाही. ३.४ झालं की चौथा हिस्सा जातो आणि ४.८ ला निम्मं पीक हातचं जातं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती याहून जास्त खार सोसतात. तरी रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात त्यांनाही जपावंच लागतं. तेव्हा २ आणि ४ यांतला फरक कागदावर लहान दिसला, तरी खळ्यावर मोठा असतो.

खारेपाटातल्या एका गावची गोष्ट सांगतो. सप्टेंबरात पावसानं ताण दिला, भात पोटरीत होतं. बांधाच्या आतल्या नाल्यातलं पाणी पंपानं उचलावं असं गटात ठरलं. मीटर लावलं, आकडा आला १.८. पंपाला पट्टा चढवणार, तेवढ्यात एका आजीबाईंनी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकलं आणि म्हणाल्या, "मचूळ आहे रे, कसलं गोडं!" पोरं हसली. पण मीटरचं टोक पाहिलं तर त्यावर मागच्या उन्हाळ्याचा गाळ वाळलेला. धुऊन पुन्हा लावलं तेव्हा आकडा ४.३. पंप तिथंच राहिला. आता जिभेवरच भागवा असं माझं म्हणणं नाही. मचूळ कळतं, पण ते २ आहे की ४, हे जीभ सांगत नाही.

धुण्याची रीत सोपी आहे. काम झालं की लगेच, खारं पाणी वाळायच्या आत, मीटरचं टोक गोड्या पाण्यात दोनतीनदा खळबळून घ्या. आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं हलक्या हातानं साफ करा. पांढरी खपली धरली असेल तर लिंबाचा रस पाण्यात पिळून त्यात पाचएक मिनिटं टोक बुडवा आणि मग भरपूर गोड्या पाण्यानं धुवा. चाकू, खिळा, पॉलिशपेपर लावू नका. काही मीटरच्या धातूवर बारीक लेप असतो, तो खरवडला की मीटर कायमचं बिघडतं. पाण्यात बुडवल्यावर हलकेच हलवा म्हणजे बुडबुडे निघतात. आकडा स्थिर झाल्यावरच वाचा.

मीटर धुतलं म्हणजे खरं बोलेल असंही नाही; त्याची परीक्षा घ्यावी लागते. भांड्यात थेट आकाशातून धरलेलं पावसाचं पाणी घ्या. त्यात आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. दुसरी परीक्षा माप ठरलेल्या द्रावणाची. शुद्ध पोटॅशियम क्लोराईडचं ०.७४६ ग्रॅम एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलं, की २५ अंश तापमानाला १.४१ आकडा येतो. हे वजन घरच्या तराजूवर होणार नाही. माती तपासणी प्रयोगशाळेतून किंवा मीटरच्या दुकानातून तयार बाटली आणा. म्युरेट ऑफ पोटॅश हे तेच रसायन खरं, पण गोणीतलं खत शुद्ध नसतं, त्यावर परीक्षा घेऊ नका. वापरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका.

खिशातल्या स्वस्त मीटरवर काही वेळा पीपीएम असा आकडा येतो. पुष्कळशा मीटरमध्ये १००० पीपीएम म्हणजे २ डेसीसायमन धरलेलं असतं, पण सगळ्यांत नाही. सोबतचा कागद पाहून घ्या. खाडीचं पाणी अशा मीटरच्या आवाक्याबाहेर जातं. तेव्हा एक माप खाडीचं आणि नऊ मापं पावसाचं पाणी मिसळा, मोजा आणि दहानं गुणा. आकडा अंदाजाचा येईल, पण कामापुरता चालेल.

आता पट्टीकडे वळू. तिच्यावर शेवाळ आणि कालवं चढली की आकडे दिसत नाहीत. पौर्णिमा-अमावस्येला मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते, तेव्हा पट्टीचा तळ उघडा पडतो. खाडीत आत ती थोडी उशिरा येते, किती ते आपापल्या ठिकाणी पाहून ठेवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोळी मंडळींचा हिशेब तुम्हाला ठाऊकच आहे. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी, तीही भांगाची. बाकीची डागडुजी त्या दिवशी करावी. एकट्यानं गाळात उतरू नका. वाट करायला कांदळवन तोडू नका, ते कायद्यानंही बंद आहे.

गाळात रोवलेली पट्टी स्वतःही खचते आणि मग वर्षभर पाणी चढलंसं वाटत राहतं. दर मेमध्ये उघाडीच्या दगडी किंवा काँक्रीट कामावर एक पक्की खूण धरून गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं पट्टीची पातळी जुळवून पाहा. मुंबईला अपोलो बंदरावर समुद्राच्या पाण्याची नोंद १८७८ पासूनची आहे. एवढ्या जुन्या नोंदीला किंमत येते ती पट्टीचं शून्य कुठं आहे हे माहीत असलं तरच.

जिथं सौर पाट्यावर चालणारं स्वयंचलित यंत्र बसवलेलं आहे तिथं पाट्यावरची पक्ष्यांची घाण पुसा आणि पेटीत मुंग्या-पाली शिरल्या आहेत का पाहा. ओल शोषणारी निळी पुडी गुलाबी झाली असेल तर बदलायची. पेटी उघडण्याआधी ज्यांचं यंत्र आहे त्यांना मात्र विचारा.

शेवटी वही. तिथी, वेळ, भरती की ओहोटी आणि आकडा लिहा. धुण्याआधीचा एक आणि धुतल्यानंतरचा एक, असे दोन्ही आकडे लिहा. दोघांत फार अंतर दिसलं तर मागच्या आठवड्याचे आकडेही तेवढेच खोटे समजा, पण खोडू नका, शेजारी शेरा मारा. मीटर एकाच माणसाच्या ताब्यात असावं आणि तो परगावी गेला तर कुणाकडे जाईल, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मृगाच्या आधी नवे सेल आणि मापाच्या द्रावणाची ताजी बाटली आणून ठेवायची आहे. रहू टाकायच्या दिवसांत दुकानात जायला कुणाला सवड नसते.