धूरसूचक यंत्र आणि अप्रमाद
(पौर्णिमेच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. परंतु ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ रुग्ण गेले. अशा आगीत ज्वाळेइतकाच धूरही जीव घेतो. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही. म्हणून जागे करणारे यंत्र हवे.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांनी छताला लावलेली पांढरी गोल डबी पाहिली असेल. तीच लहान स्वरूपात, सेलवर चालणारी, घरासाठीही मिळते. आत एक अंधारी पोकळी असते. तीत प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धूर शिरला की किरण विखुरतो, संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो.

हे समजले की बिघाडही समजतो. धूळ, कोळिष्टक, किडा किंवा वाफ आत गेली तरी किरण विखुरतो आणि यंत्र उगाच ओरडते. अशा वेळी आधी खरोखर आग नाही ना, हे पाहावे. मग मऊ ब्रशने जाळी साफ करावी. यंत्र पाण्याने धुऊ नये, त्याला रंग लावू नये. फोडणीच्या धुराने वाजत असेल तर ते चुलीपासून दहा फूट तरी दूर न्यावे. थोड्या थोड्या वेळाने एकच बारीक ‘चिक्’ येत असेल, तर सेल उतरला आहे. पहाटेच्या गारव्यात हा आवाज हमखास सुरू होतो. तेव्हा कंटाळून सेल काढून ठेवणारे पुष्कळ! माझ्या मते बंद यंत्र नसलेल्या यंत्राहून वाईट, कारण त्याच्या भरवशावर घर निर्धास्त झोपते.

यंत्र झोपण्याच्या खोलीत, छताला, पंख्याच्या झोतापासून दूर लावावे. पत्र्याच्या घरात तापलेल्या हवेचा थर धूर अडवतो. तेथे ते भिंतीवर वीतभर खाली बसवावे. दहा वर्षांनी यंत्र बदलावे. तारीख मागे छापलेली असते. आणखी एक ध्यानात ठेवा : गॅसची गळती या यंत्राला कळत नाही.

भोंगा वाजला तर आधी मुले आणि म्हातारी माणसे बाहेर काढा. धुरातून वाकून चाला. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन करा. सामानासाठी परत आत जाऊ नका.

तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा, म्हणजे सदैव सावध राहण्याचा होता. धम्मपदात अप्पमादावर एक स्वतंत्र वग्गच आहे. तो आचरणात कसा आणायचा? विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमच्याकडे देतो. दर पौर्णिमेला विहारातून घरी गेल्यावर यंत्राची कळ दाबून आवाज ऐका. दरवर्षी १४ एप्रिलला नवा सेल घाला. ज्यांच्या घरी यंत्र नाही, त्यांनी निदान बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती विझवून आणि उशाखालचा मोबाईल चार्जिंगवरून काढूनच झोपावे.

बाबासाहेबांनी आपल्याला जागे केले. जागे राहणे आपल्या हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!