काखमांजर आणि अवधाण

काखेत दुखरी गाठ हाताला लागली म्हणजे कोणी ती ‘उष्णतेची’ म्हणून सोडून देतो, तर कोणी कर्करोगाच्या शंकेने गांगरून जातो. भीतीला इतिहासही आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा काखेत वा जांघेत उठलेली गाठ पुष्कळदा मृत्यूची वर्दी ठरे. आता प्लेगवरही औषध आहे आणि बहुतेक दुखऱ्या गाठींचे कारण साधे असते. ते शोधले मात्र पाहिजे.

या कामी मराठीतील दोन जुने शब्द उपयोगी पडतात. घाम, घर्षण किंवा वस्तऱ्याचा ओरखडा यांमुळे केसांच्या मुळाशी जंतू शिरून काखेतच गळू होते, ते काखमांजर. बोटाला नखुरडे झाले, काटा रुतला वा मांजराने ओरखडले, आणि काखेतील रसग्रंथी सुजली, तर ते अवधाण. येथे मूळ दुखणे हातात असते; ग्रंथी केवळ जंतूंना अडवीत असते. हात, स्तन आणि पाठीचा वरचा भाग यांतील रस काखेतील ग्रंथींतून गाळला जातो. म्हणून गाठीबरोबर हे भागही तपासावेत.

गळवावर ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून तीनचार वेळा शेक द्यावा. वस्तरा बंद ठेवावा. गळू दाबू नये, सुईने टोचू नये. पू साठल्यावर नुसत्या गोळ्यांनी बहुधा भागत नाही. डॉक्टरांकडून चीर देऊन निचरा करावा लागतो. गळवे वारंवार होत असतील, तर रक्तातील साखर पाहावी. ताप चढला किंवा हातावरून काखेकडे तांबडी रेघ सरकू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुखणारी गाठ रोग्याला स्वस्थ बसू देत नाही. कठीण, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ मात्र महिनोन् महिने दुर्लक्षित राहते. तिच्यामागे क्षय असू शकतो, किंवा स्तनाचा कर्करोगही. अनेक स्त्रिया संकोचापायी ती घरातही सांगत नाहीत. दोन आठवड्यांत न ओसरणारी कोणतीही गाठ, दुखो वा न दुखो, डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. वेळीच निदान झाले, तर या दोन्ही रोगांतून बरे होण्याची आशा पुष्कळ असते.