बाणांवर वेळ लिहा : मुलांसोबत जलचक्र

आजचा भाग आई-बाबांसाठी, शिक्षकांसाठी आणि सुट्टीत भाचरं सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी. विषय आहे जलचक्र.

ते चित्र आठवतंय ना? समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी आणि गोल फिरणारे बाण. चित्र बरोबरच आहे. फक्त एक गोष्ट त्यात नसते, ती म्हणजे वेळ. कुठला बाण 1 तासाचा आणि कुठला 1000 वर्षांचा, हे कळतच नाही. आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा लूप चालतंय एवढं पुरत नाही, कुठली पायरी अडकते तेही बघावं लागतं. इथंही तसंच. म्हणून मी मुलांसोबत बसतो तेव्हा हातात घड्याळ असतं. आपण प्रयोग करायचे आणि प्रत्येक बाणावर वेळ लिहायची.

पहिला प्रयोग. सारखेच दोन रुमाल भिजवून पिळा. एक वाऱ्यावर पसरून टाका, दुसरा घडी करून सावलीत ठेवा. दोन्ही कधी वाळतात ते लिहा. पाण्याची वाफ व्हायला ते उकळावंच लागतं असं बऱ्याच मुलांना वाटतं. इथं गॅस पेटवलेला नाही, तरी पाणी गेलं!

दुसरा. उन्हातल्या झाडाच्या एका पानाळ फांदीला पारदर्शक पिशवी घट्ट बांधा. दोनेक तासांनी आत थेंब दिसतील. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून बाहेर पडलं. म्हणजे वाफ फक्त समुद्राची होत नाही, शेताची आणि झाडांचीही होते.

तिसरा. ग्लासात बर्फ, पाणी आणि थोडा लाल रंग घाला. बाहेरून ग्लासाला घाम येतो. मुलं म्हणतात, पाणी झिरपलं. मग पांढऱ्या कागदानं पुसून दाखवा. डाग लाल नाही! ते पाणी हवेतलं. आता मोठ्या चित्रातला आकडा सांगा : वाफ झालेलं पाणी हवेत सरासरी 9-10 दिवस राहतं, मग पाऊस होऊन खाली येतं. हा बाण तसा चपळ.

चौथा प्रयोग मातीचा. बाटलीचे दोन तळ कापा, बाटल्या उलट्या धरा, तोंडाला फडकं बांधा. एकीत वाळू, दुसरीत ओली करून चेपलेली काळी माती. दोन्हींत एकेक कप पाणी ओता. वाळूतून ते भराभर उतरतं, मातीवर तळं साचतं. आता मुलांना सांगा की महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर आहे. त्यात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत. जागाच कमी. आणि खोल मुरलेलं पाणी काही ठिकाणी शेकडो, हजारो वर्षांचं असू शकतं.

हे सगळं झाल्यावर एका गावात एका मुलीनं विचारलं, "दादा, पाणी गोल फिरतं, संपत नाही, मग आमच्याकडे एप्रिलमध्ये टँकर का येतो?" चित्रात या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून पाचवा प्रयोग, माझा सगळ्यात आवडता.

एका बादलीत खडी भरा आणि खडी बुडेल इतकं पाणी घाला. तीन मुलांना सुई नसलेल्या सिरिंज द्या, पुढे नळ्या जोडा. एक आखूड, दोन लांब. आखूड नळी म्हणजे विहीर, लांब म्हणजे बोअर. दर फेरीला पाऊस म्हणून 1 चमचा पाणी घालायचं आणि प्रत्येकानं 1 सिरिंज भरून उपसायचं. काही फेऱ्यांतच आखूड नळीत नुसती हवा येते. लांब नळीवाले अजून मजेत असतात. थोड्या वेळानं त्यांचीही पाळी येते.

पृथ्वीवरचं पाणी कुठं गेलं नाही. पण या बादलीतलं गेलं, कारण उपसायचा बाण सेकंदांचा होता आणि भरायचा बाण चमच्याचा.

तीच मुलगी म्हणाली, "मग लांब नळीवाल्यानं आधी थांबायला पाहिजे ना?" कोणीच काही बोललं नाही. लांब नळीवाला मुलगाही नाही. मग त्यांनी स्वतःच नियम केला : दोन फेऱ्या पाऊस, एक फेरी उपसा, तीही अर्धी सिरिंज. खेळ बराच वेळ चालला.

पाणी वाचवा असं भिंतीवर लिहिलेलं मुलं रोज वाचतात. पण किती, कोणी आणि कधी थांबायचं, हे त्या बादलीपाशी बसल्यावर त्यांचं तेच बोलायला लागतात. तर या रविवारी एवढंच करा. पुस्तकातलं चित्र उघडा, पेन्सिल घ्या आणि बाणांवर वेळ लिहायला सांगा. सोबत तुमच्या विहिरीचा, बोअरचा किंवा सोसायटीच्या टाकीचा बाणही काढा. तो चित्रात नसतोच.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!