मंदावलेली झडप
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर नाट्यसंगीताची चर्चा नित्य होते. आज मी फ्रेंच हॉर्न या परक्या वाद्याविषयी चार शब्द बोलणार आहे. आपली मुले शाळेच्या बँडपथकांत पितळी वाद्ये वाजवितात. एखाद्याच्या वाट्याला हॉर्न येतो आणि जलद स्वरावलीत तो अडखळला, की आपण त्याच्या बोटांना दोष देतो. मुलगा हिरमुसतो, क्वचित वाद्यच सोडून देतो. पुष्कळदा दोष असतो तो मंदावलेल्या झडपेचा.

मूळचा हॉर्न म्हणजे केवळ वेटोळी नळी. तीतून मोजकेच स्वर निघत. १८१८ मध्ये श्टॉल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी प्रशियात झडपेचे पेटंट घेतले, तर १८३५ मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ रीडल याने फिरत्या झडपेचे. ट्रम्पेटमध्ये दट्ट्या खालीवर होतो. येथे मात्र पितळी घरात बसविलेला दंडगोल पाव फेरा फिरून हवा जादा नळीत वळवितो. नळी लांबली, की स्वर उतरतो. दंडगोल आणि त्याचे घर यांतील फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. त्यामुळे लाळेतील क्षार, वाळलेले तेल, सरकत्या नळ्यांचे ओघळलेले ग्रीस किंवा पितळेवरचा कळंक, यांचा पातळ थरही झडपेस जड करतो.

उपचारापूर्वी निदान हवे. कळ आणि झडप यांना जोडणारी दोरी कशी गुंफली आहे, याचे चित्र प्रथम कागदावर काढून घ्यावे. मग तिचा स्क्रू सैल करून ती सोडवावी आणि झडपेची भुजा बोटाने हलवून पाहावी. ती सहज फिरली, तर दोष कळीच्या सांध्यात, स्प्रिंगमध्ये किंवा दोरीत आहे. जड लागली, तर झडपेतच आहे असे समजावे.

झडपेस तेल तीन ठिकाणी लागते. कळ दाबून धरून त्या झडपेची सरकती नळी काढावी. कळ न दाबता ओढल्यास आत निर्वात ताण पडतो. मग झडपेच्या पातळ तेलाचे काही थेंब आत सोडावेत. ते नळीच्या भिंतीवरून ओघळू देऊ नयेत, नाहीतर तेथील ग्रीसही झडपेत उतरते. दुसरे ठिकाण मागील टोपणाखालचे बेअरिंग आणि तिसरे भुजेखाली आस आत शिरतो ते. या दोहोंना किंचित दाट तेलाचा एकेक थेंब पुरतो. नंतर झडप पुष्कळ वेळा फिरवावी. खोबरेल तेल मात्र कटाक्षाने टाळावे. उत्तरेच्या थंडीत ते गोठते.

एवढ्याने झडप मोकळी न झाल्यास नळ्यांतून कोमट पाणी खेळवून वाद्य निथळू द्यावे आणि पुन्हा तेल द्यावे. कढत पाण्याने लाखेचा लेप बिघडतो. तरीही ती अडली, किंवा वाद्य पडून पोचा आला असेल, तर ते कारागिराकडेच न्यावे. पेचकसाने उचकटून दंडगोल काढू नये. प्रत्येक दंडगोल आपल्याच घराशी जुळविलेला असतो. मागील बेअरिंगची चकती तिरकी बसली, तरी चांगली झडप अडकते.

वाजविण्यापूर्वी चूळ भरावी, प्रसादाचा पेढा खाऊन तर अवश्य. वाजवून झाल्यावर नळ्यांतील पाणी काढावे आणि आठवड्यास एकदा तेल द्यावे. पालकांस माझी एवढीच विनंती आहे, की मुलास बोल लावण्यापूर्वी ती भुजा एकदा बोटाने हलवून पाहावी.