चिनी वैद्यकातील अन्नौषध

‘चौ-ली’ या प्राचीन चिनी ग्रंथात दरबारी वैद्यांचे जे चार वर्ग नमूद आहेत, त्यांत पहिले स्थान आहारवैद्याला आहे. सातव्या शतकातील थोर वैद्य सुन स-म्याव यांनी तर दंडकच घातला की, रोगाचे कारण जाणून प्रथम अन्नाने उपचार करावा आणि तो निष्फळ ठरला तरच औषधाची तजवीज करावी. गलगंडावर ते समुद्रशेवाळ व प्राण्यांच्या कंठग्रंथी देत. ज्याच्या अभावी गलगंड होतो त्या आयोडिनचा शोध १८११ सालचा, हे ध्यानी घेता त्या अनुभवसिद्ध ज्ञानाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. आले उष्ण, मूग शीत, ही त्यांची गुणमीमांसा आपल्या आजीबाईंनाही परकी वाटू नये! पुढे १३३० मध्ये चीनच्या मंगोल बादशहाचे आहारवैद्य हू स-हुई यांनी याच विषयावरील सचित्र ग्रंथ हुजुरांस सादर केला.