पुढच्या माणसाचा विचार

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील पंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी आपल्या दोन तालुक्यांतून जाते. वारकऱ्यांच्या भोजनाची व्यवस्था आपण मनोभावे करतो. परंतु पहाटे त्याच पाहुण्यांना शौचास जावयाचे असते. त्यांत वृद्धा असतात, लेकुरवाळ्या असतात. अलीकडच्या वर्षांत निर्मल वारी उपक्रमातून मुक्कामी फिरती शौचालये उभी राहू लागली, ही समाधानाची बाब आहे. मात्र शौचालय उभारणे हे अर्धेच काम होय. पहिल्याने पाणी ओतले नाही, तर दुसरा दारातूनच परततो आणि उसाच्या फडाची वाट धरतो.

जपानात घरोघरी शौचालयासाठी वेगळ्या सपाता ठेवतात. युरोपात बहुतेक ठिकाणी कागद वापरतात, आपण पाणी. रीती निराळ्या, शिष्टाचार एकच. आपल्यामागून येणाऱ्यास जागा स्वच्छ मिळावी.

हा मागून येणारा केवळ रांगेतला नव्हे. खड्डा उपसणाराही त्यात आला. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एका वेळी एकच खड्डा वापरावा. तो भरल्यावर दुसरा सुरू करावा. पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत दुर्गंधीरहित खत होते. दोन्ही खड्डे एकदम सुरू ठेवल्यास ताजा मैला उपसण्याची पाळी कोणावर तरी येते. माणसाकडून मैला उपसून घेण्यास 2013च्या कायद्याने बंदी आहे. आपला निष्काळजीपणा त्या कायद्यास हरताळ फासतो. तीव्र उताराचे भांडे दीड-दोन लिटर पाण्यात स्वच्छ होते. म्हणून इंदापूरच्या अवर्षणप्रवण गावांतही पाण्याची सबब टिकत नाही.

1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम मागितले. ते नाकारले गेल्यावर त्यांनी अन्नत्याग आरंभिला, आणि आपल्याच जिल्ह्यातील येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी उपोषण करून त्यांना साथ दिली. जे काम मागण्यासाठी थोरांनी अन्न सोडले, त्याची लाज आपण का बाळगावी?

शिक्षकांना विनंती अशी की, शाळेतील शौचालयाची सफाई शिक्षा म्हणून कोणास देऊ नये, ठराविक मुलांवरही सोपवू नये. पाळी लावावी, आणि पहिली पाळी गुरुजींनी स्वतः घ्यावी. पंचायतींनी दिवा, कडी, पाणी व साबण यांची तजवीज करावी. बाहेर पडताना प्रत्येकाने एकदा मागे वळून पाहावे. पुढच्या माणसाचा मान त्या एका दृष्टिक्षेपात आहे.